काकाचा आवाज कसा होता

मार्च लागला का आमच्या केनवडात घरोघर हात पिवळे होतात, अन् लगन एकाचंही नसते. हा जोक मी दरसाली मारतो. दरसाली कोनी हासत नाही. पन मारला नाही तं हळदीचा सीझन लागल्यासारखा वाटत नाही, म्हनून औंदाही मारला. गजाभौनं माह्याकडं पाह्यलं अन् भट्टीत अजून एक लाकूड सारलं.

गजाभौ म्हंजे कुकरचा मालक. कुकर म्हंजे घरातला शिट्टीवाला नाही. ट्रॅक्टरच्या मागं बांधून आनलेलं लोखंडी धूड. मधात पान्याची टाकी, टाकीखाली भट्टी, अन् बाजूनं मानूस उभा मावन एवढाले ड्रम. खोदून काढलेली हळद ड्रमात भराची, खालून जाळ कराचा, वाफ नळीतून ड्रमात जाते अन् हळद शिजते. शिजली का वाल खोलून वाफ सोडाची, अन् गरम हळद वावरात पसरून द्याची, वाळत. आज या वावरात, उद्या त्या वावरात, असा कुकर गावभर फिरते. वाफेचा वास कोसभरावरून येते. ओल्या मातीचा, कापराचा, थोडासा जुन्या औषधीच्या बाटलीचा. म्हंजे येते म्हन्तात. मले अजून पुरा येत नाही. माती येते, कापूर येत नाही. कोरोनाच्या वर्षी गेलेलं नाक अर्धंच वापस आलं.

औंदा कुकर आमच्या वावरात येऊन उभा राह्यला त्याच दिवशी आरूनं मले गाठलं. आरू माह्यी चुलतबहीन. पहिलीत आहे, समोरचे दोन दात पडले, म्हनून तोंडावर हात ठेवून बोलते. म्हने, "दादा, माह्या बाबाचा आवाज कसा होता?"

मी तिले बोकडाचा आवाज काढून दाखवला. बोकड मी असा काढतो का खरे बोकड मान वळवून पाह्यतात. ती हासली. हासून झालं तरी जागची हालली नाही. "हा नाही," म्हने. "खरा."

आता ती चुकीच्या मानसापाशी आली असंही नाही. तिचा बाबा म्हंजे माह्या किसन काका, माह्या वडलाचा धाकटा भाऊ. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, याच हळदीच्या दिवसात गेला. आरू तवा रांगत होती. काकाजवळ बटनाचा फोन, त्यात कायची रेकॉर्डिंग. एक व्हिडिओ आहे, कोनाच्यातरी लगनातला. त्यात काका पाहुन्याले काहीतरी सांगून राह्यला, तोंड हालते, हात हालतात, अन् आवाज पुरा डीजेचा. आरूनं तो व्हिडिओ इतक्यांदा पाह्यला का तिले वाटे बाबाचा आवाजच तसा होता का काय, धाडधाड. मंग तिनं काकीले इचारलं, अन् काकीनं बोट माह्याकडं दाखवलं: तुह्या दादाले सगळ्याईचे आवाज येतात, त्याले इचार.

खरं आहे. मले सगळ्याईचे आवाज येतात. मी कंडक्टर काढतो, सरपंच काढतो, भाजीच्या गाडीवरचा भोंगा काढतो, फोन लावला का पह्यले खोकल्याची टेप वाजे ते खोकला सुद्धा काढतो. काकाही काढतो. पन काका मी कोनासमोर काढला नाही कधी. गेलेल्या मानसाचा आवाज घरात काढला का बाया रडतात अन् म्हाताऱ्या चप्पल काढतात. म्हनून एकटाच असलो का काढतो. मोटार चालू कराले विहिरीवर गेलो का, पान्याच्या पाळीले, सोयाबीन राखताना.

अन् इथंच गोची आहे. नक्कल लोकाईसमोर केली तं ते तपासली जाते. हासले तं बराबर, नाही हासले तं कुठीतरी घसरलं. एकट्यानं केलेली नक्कल कोन तपासन? आज काढला थो काका कालच्या काकावरून काढला, कालचा परवाच्या वरून. नकलेची नक्कल, तिची नक्कल. मले एवढं कळते का यात थोडं थोडं काहीतरी सरकत गेलं असन. किती, अन् कुठी, ते नाही कळत. म्हनून मी आरूले टाळून राह्यलो होतो. उद्या काढतो. घसा बसला. आज एकादस आहे. एकदा या पोट्टीच्या कानात चुकीचा बाप शिरला का थो तिथंच बसन, जन्मभर. ते बिचारी कशाशी ताडून पाह्यन?

सरकते कसं, ते मी शाळेतच पाह्यलं. रिसोडले शाळेत होतो तवा मी हेडमास्तर काढत जाय. एक दिवस काढता काढता घशात कायतरी अडकलं, मी खाकरलो. वर्ग असा हासला का छप्पर उडन. हेडमास्तर जन्मात खाकरले नव्हते. पन मी धंदेवाईक मानूस, हासू कुठी पिकते ते पाहून घेतलं अन् दुसऱ्या दिवशी मुद्दाम खाकरलो. आठ-दहा दिवसात पुरी शाळा हेडमास्तर काढाले लागली, अन् जो तो खाकरून. त्याच्या पह्यले मी दहा प्रकारचे हेडमास्तर काढले असन, थे कोनाच्या ध्यानातही नाहीत. जो पसरला थो खाकरनारा.

किसन काका माह्या पह्यला गिऱ्हाईक होता. शाळेतून आलो का वावरात जाय. त्या टोकाच्या बांधावर काका दिसे. माह्याकडं न पाह्यता इचारे, "आज कोन आलं बे?" म्हंजे आज कोनाचा आवाज आनला. मी जो आनला असन थो काढे. काका मोठ्यानं हासत नसे. खाली बसून जाय, टोपी तोंडावर धरे, अन् खांदे हालत. खांदे हालले का मी पास.

काकाचा खुदचा आवाज मोठा. वरडन्याचा नाही, भरलेला. कुकरपाशी असो का टोकाच्या तुरीत, एक आवाज द्याचा अन् समोरच्यानं हातातलं काम टाकाचं.

पह्यल्या कोरोनात आमच्या गल्लीतला एक जन पुन्याहून आला होता. कामाले मानसं भेटत नव्हते, म्हनून थो बी आमच्या कुकरपाशी हळद भराले आला. दोन-चार दिवस आमच्यातच जेवला, आमच्याच गडव्यानं पानी पेला. मंग त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. गावात हल्लागुल्ला झाला. कुकरपाशी जे जे होते त्या सगळ्याईले उचलून शाळेत कोंडलं. काका तिसरीच्या वर्गात, मी चौथीच्या. काका म्हने, पाह्य, तू माह्याहून एक वर्ग पुढं. दिवस भरले अन् एकालेही काही झालं नाही. शिंक सुद्धा नाही.

काही झालं नाही, याचं कारन पाह्यजे होतं. मानसाले कारन लागते. गावानं ते काढलं: आपन सगळे हळदीच्या वाफेत होतो. हळद तं औषधी, जखमेवर लावतो, दुधात पेतो. तिची वाफ दिवसभर नाकात जाऊन राह्यली होती, कोरोनाची काय बिशाद. हे गोष्ट इतकी बराबर वाटे का मीही सांगत फिरलो, सरपंचाच्या आवाजात. आमचीच खोज होती. दुसऱ्या गावाले कुठी ठाऊक.

म्हनून दुसऱ्या सालच्या सीझनले नवीनच रीत पडली. ज्याच्या वावरात कुकर लागे, तिथं संध्याकाळी गाव येऊ लागलं. बाया, मानसं, लेकरं. वाल खोलाची येळ झाली का गजाभौ आवाज दे, अन् सगळे टावेल, उपरनं, पदर घेऊन वाफेभोवती कोंडाळं करत. एका टावेलात तिघं-तिघं. नाक वर करून, डोळे मिटून, खोल श्वास घे, सोड. पुन्हा घे. सोड. कोनाचा श्वास कोनाच्या तोंडावर, काही पत्ता नाही. मास्क होते, खिशात होते. मास्क लावून वाफ कशी घेनार?

खरं सांगू, लय मजा येत जाय. सालभर लोक एकमेकाच्या दारात गेले नव्हते, मौतीले गेले नव्हते. अन् इथं पिवळ्या धुक्यात सगळे खांद्याले खांदा लावून. मी मधात उभा राहून एकेक आवाज काढे. वाफेत तोंड दिसत नाही, त्याच्यानं लोकाईले खरंच वाटे का सरपंच आला. काकी आरूले काखेत घेऊन यायची. काका टोपी तोंडावर धरून मटकन खाली बसे.

तशी मैफल मले अजूनपावेतो भेटली नाही.

मंग एका आठवड्यात गाव खोकलाले लागलं. मी पडलो, काका पडला, गजाभौ पडला, त्या कोंडाळ्यातलं एकही घर सुटलं नाही. काकी अन् आरू कशा सुटल्या ते देवाले ठाऊक. मले नुसता ताप अन् नाक बंद. घरात जागा नाही म्हनून मले वावरातल्या टिनाच्या खोलीत टाकलं. बाहेर आमचीच हळद वाळत पडली होती, वावरभर पिवळी. तिची राखन बी होईन अन् माह्यी सोय बी. वडील डबा बांधावर ठेवत, दगड आपटत, अन् मागं सरकत. मी जाऊन उचले. दोघाईच्या मधात एक नांगरलेलं वावर.

त्या खोलीत मी एकटा किती बोललो त्याचा हिसाब नाही. सकाळी कंडक्टर, दुपारी सरपंच. खिडकीत एक कावळा येऊन बसे, त्याच्यासाठी कार्यक्रम करे. हासनारं कोनी नसलं का नक्कल कशी लागते, सांगू? आपनच आपल्याले गुदगुल्या करून पाहा. हात तोच, बोटं तेच, काही होत नाही. हातात हळकुंड घेऊन नाकाले लावे, घासे, मोडे. काही नाही. आख्खं वावर पिवळं अन् वास शून्य, जसा टीव्हीवर दिसनारा सैपाक.

विहिरीच्या काठावर तेवढी रेंज येत होती. तिथं बसून मी कॉलेजचा ऑनलाइन तास करे. बीएस्सी पह्यल्या वर्षाले होतो. आमचे बायोलॉजीचे सर इथलेच, पन माइक दिसला का पुन्याचे होत. दर वाक्याच्या मागं "आलं का ध्यानात?" त्यायचा आवाज माह्या हातचा मळ आहे, म्हनून त्या तासात ते जे बोलले ते मले अजून पाठ आहे, आवाजासकट.

"मुलांनो, गोखरू पाहिलाय ना? शेतातून आलं की पायजम्याला चिकटलेला असतो. कोरोनाचा विषाणू तसाच. अंगभर काटे. काटा म्हणजे एक प्रथिन, मण्यांची माळ, हजाराच्या वर मणी. ती माळ वळून वळून काट्याचा आकार घेते. आपल्या पेशीवर त्या काट्याला धरायला एक जागा असते. धरलं, की शिरला. शिरला, की स्वतःच्या नकला काढायला लागतो. आलं का ध्यानात?"

नकला म्हटल्यावर मी सरसावून बसलो. आपल्या धंद्यातलं होतं.

सर म्हने, विषानू मुद्दाम काही बदलत नाही, त्याले डोकं नाही. नक्कल करता करता चुकते. कोरोनाजवळ तं चूक तपासनाराही एक असते आतमध्ये, म्हनून थो दुसऱ्याईपेक्षा कमी चुकते. पन एवढे लोक, एकेकाच्या अंगात एवढ्या नकला, तपासनाऱ्याच्या हातून काही ना काही निसटतेच. पुष्कळ चुका अशाच मरून जातात. काटा मोडला, काटा बोथट झाला, गेला. एखाद्या टायमाले मात्र माळेतला एकच मनी बदलते अन् काट्याचा वाक असा बसते का पह्यले जो गोखरू घासून गेल्यावर चिकटे, थो आता नुसतं बाजूनं गेलं तरी चिकटते. दुसरा एखादा चिकटून झाल्यावर आतमधी लवकर शिरते. सरानं तुरीच्या शेंगीचं सांगतलं. काट्यानं धरलं तरी शिराच्या पह्यले थो मधातून उकलावा लागते, अन् ते उकलनारी कात्री आपल्याच अंगात असते. ओली शेंग नखानं सोला लागते. वाळलेली नुसती दाबली का तडकते. काटा जिथून उकलते त्या शिवनीपाशी मनी बदलला का काटा वाळल्या शेंगीवानी तडकते. अन् पुढं, त्या तासानंतर, असेही आले का ज्याईचा काटा इतका बदलला, का ज्या अंगानं जुना काटा वळखून ठेवला होता त्या अंगाले हा नवा वळखूच येईना.

सरानं शेवटी एक गोष्ट सांगतली, ती मले तवा कळली नाही, आता कळते. "आपण म्हणतो, विषाणू हुशार झाला. हुशार कोणी होत नाही. लाख चुकांमधून जी पसरली, तीच आपल्याला दिसते. बाकीच्या दिसत नाहीत, म्हणून वाटतं की हा ठरवून आला."

खाकरनारा हेडमास्तर. दुसरं काय.

पुढं पेपरात आलं का त्या सालचा कोरोना वेगळा होता, काटा बदललेला, अन् आपल्या विदर्भातच थो पह्यले-पह्यले दिसला. आमच्या कुकरपाशी जो आला थो कोनता, ते मले ठाऊक नाही. आमच्या गावातला नमुना तेवढ्या बारकाईनं कोनी तपासला नाही. पह्यल्या साली वाचलो त्यात अर्धं नशीब असन. सर म्हने, कोनापासून दहा जनाले होते, कोनापासून एकालेही नाही. पन आमी काय केलं ते मले माह्यीत आहे. मागच्या सालच्या गोखरूवरून त्या सालची वाट ठरवली. थो बदलून आला होता, अन् आमचं शहानपन तेच होतं, घडी मोडलेली नाही.

काकाले घरीच राहाचं होतं. म्हने, वाफ घेतो, बरा होतो. काकीनं आयकलं नाही. आरूले शेजारनीच्या हातात देल्लं, काकाची पिशवी भरली अन् त्याले दंडाले धरून गाडीत बसवलं. गाडी वाशीमले दवाखान्यात गेली. मी टिनाच्या खोलीतून पाह्यलं, दूर रोडनं जाताना. हात हालवला. काकाले दिसला का नाही, कोन जाने.

दुपारी एकदा त्याचा फोन आला.

"आज कोन... आलं बे?"

मधातला गॅप एवढा होता का मले वाटलं रेंज गेली. मी विहिरीच्या काठानं इकडून तिकडं फिरलो, हॅलो हॅलो करत. मंग फोनकडं पाह्यलं. रेंज फुल होती.

मी म्हनलं, सांग, कोनाचा काढू, सरपंच का सर? काका म्हने, "माह्याच... काढ."

मोठ्या मानसाची नक्कल त्याच्या तोंडावर कराची नसते. मी कधीच केली नव्हती. पन तो मांगत होता. मी उभा राह्यलो, कमरेवर हात ठेवले, अन् त्याच्याच आवाजात मलेच झाडलं: काय बे, अभ्यास सोडून बोकडावानी वरडून राह्यला वावरात, कावळे भेले ना. तिकडून हासू आलं नाही. हासाले दम लागते. मी वाट पाह्यली. मंग थो म्हने, "बराबर... आहे. ठेव... आता."

त्याच्यानंतर फोन आला नाही. वडील बांधावर आले तवा हातात डबा नव्हता. तिथूनच सांगतलं. मी अलीकडं, ते पलीकडं, मधात नांगरलेलं वावर. त्याईले मले धरता आलं नाही, मले त्याईले धरता आलं नाही. ते जाग्यावर खाली बसले, मीही जाग्यावर खाली बसलो. मंग ते उठून गेले, कारन घरी लोक होते, अन् मी मांगं राह्यलो, कारन हळद राखाची होती.

गावात अजून कोनी म्हन्ते, वाफ कमी पडली. मी वाद घालत नाही.

औंदा शेवटी आरूनं मले परवा पकडलंच. पाच वाजले असन. काकी वाळत्या हळदीत बसून गोल गड्डे एकीकडं अन् लांब हळकुंडाचे बोटं एकीकडं करत होती. गजाभौ आमच्याकडं पाठ करून कुकरपाशी, शेवटचा ड्रम लागलेला. आरू माह्यासमोर पाय फाकवून उभी. "आज घसा बसला नाही तुह्या," म्हने. "बोकड काढला तू सकाळी."

सुटका नव्हती. मी डोळे मिटले. काका आला. म्हंजे मले वाटलं का आला.

"आरू... माह्यी माय... शाळेत... गेल्ती का?"

आरूनं तोंडावरचा हात काढला. लगेच म्हनून पाह्यलं, जसंच्या तसं: शाळेत... गेल्ती का. थांबली तिथं थांबली, अन् थांबल्यावर पडलेल्या दाताईच्या फटीतून श्वास वढला, सुऽ करून. पुन्हा म्हनलं. पुन्हा सुऽ. पोट्टी खूश.

काकीचा हात हळदीत थांबला होता.

"त्याईचा आवाज असा तुटत नव्हता," काकी म्हने.

मी म्हनलं, असाच होता काकी. खुद काकानंच बराबर म्हनलं मले. अन् म्हनता म्हनता मले विहिरीवरचा थो फोन आठवला, रेंज फुल असलेला.

काकी माह्याकडं पाह्यत होती. "तुले दवाखान्यातून फोन केल्ता का त्याईनं?"

"हो."

"असे बोलत होते?"

"हो काकी."

तिनं हातातलं हळकुंड खाली ठेवलं. मंग ते बोलली, मले नाही, हळदीले बोलल्यावानी. काका तिलेही फोन करे तिथून. रोज करे. उचलला का म्हने, बरा. अन् ठेवून दे. एक शब्द. ती इचारे, जेवले का, औषध घेतली का, आरू उभी राहाले लागली, अन् तिकडून फोन बंद. "मीच हट्टानं गाडीत बसोलं होतं," काकी म्हने. "मले वाटे, फुगले माह्यावर. रागातच गेले. इतके वर्षं तेच धरून बसली मी." मंग म्हने, "दमच नव्हता त्याईच्यात."

 

काकी उठली. पदरानं हात पुसले. आरूचा खांदा धरून तिले कुकरकडं वळवलं. "दादानं काढला थो आजारातला आवाज आहे," म्हने. "तुह्या बाबा असा बोले. आयक." अन् पाय रोवून, कमरेवर हात ठेवून, माह्या काकीनं, जिनं कधी कोनाची नक्कल केली नाही, जी चारचौघात बोलाची झाली तं पदर तोंडात धरते, तिनं आवाज देल्ला.

"गजाऽऽऽ, वाल खोल रे बावा."

कुठीच तुटला नाही. त्या बांधाले जाऊन लागला.

"खोलतो किसनभौ," गजाभौ म्हने, अन् पाठ तशीच ठेवून त्यानं वाल खोलला.

वाफ सुटली. तिच्यात कुकर गेला, ड्रम गेले, गजाभौ कमरेपावेतो गेला. वालवरचा हात त्यानं काढला नाही. मांगं वळूनही पाह्यलं नाही.

 मंग आरूनं कमरेवर हात ठेवले अन् आवाज देल्ला. बारीक, मधात श्वास घेऊन.

"नाही," काकी म्हने. "मधात श्वास नोको घेऊ. एका दमात."

आरूनं पुन्हा देल्ला.

"अजून लंबा."

पुन्हा. मी बाजूले गप उभा राहून कान देऊन आयकत होतो. मलेही शिकाचा होता.